शब्दचर्चा : गरोदरपणातली ‘आकडी’, ‘मिरगी’, ‘दौरा’ की ‘झटके’?

प्रश्न (रामबाग, इंदूर) : एक्लॅम्पसिया या गरोदरपणातल्या बीपीच्या गंभीर आजाराबद्दलचं हिंदी माहितीपत्रक मराठीत आणायचं आहे. मुळात ‘मिर्गी जैसे दौरे’ आहे. इंदूरच्या मराठी घरांतही ‘दौरा पडला’ म्हणतात. काय लिहावं? औषधाला ‘मिरगीचं औषध’ चालेल का?

परिचारिका : ‘मिरगी’ अजिबात नको. मिरगी म्हणजे अपस्मार. एक्लॅम्पसियाची आकडी गरोदरपणात वाढलेल्या बीपीमुळे येते, साधारण विसाव्या आठवड्यानंतर. बाळंतपणानंतर आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत. नातेवाईक १०८ ला फोन करून ‘मिरगी आली’ एवढंच म्हणाले, तर गरोदरपण आणि बीपी दोन्ही सांगायचं राहून जातं. ‘दौरा’ वाचून मराठी माणसाला मंत्र्यांचा दौरा आठवेल. तो कंसात ठेवा. ‘आकडी’ उत्तम, घरच्यांना जे दिसतं तेच तो शब्द सांगतो.

स्त्रीरोगतज्ज्ञ : ताईंशी पूर्ण सहमत. औषधाचं तर नावच लिहा : मॅग्नेशियम सल्फेट. ते मिरगीवरचं नेहमीचं औषध नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्यामुळे पुन्हा आकडी येण्याचं प्रमाण आकडीवरच्या इतर दोन औषधांपेक्षा कमी राहिलं : डायझेपामपेक्षा ५२ टक्के आणि फेनिटॉइनपेक्षा ६७ टक्के.

परिचारिकांच्या पत्रकात ‘एक इंजेक्शन’ असं मोघम लिहू नका. २ मिलीच्या ५० टक्के अँप्युलमध्ये (औषधाच्या छोट्या काचेच्या कुपीत) १ ग्रॅम औषध असतं. शिरेतून ४ ग्रॅम द्यायचे, म्हणजे ४ अँप्युल (८ मिली) अधिक १२ मिली सलाईन. झालं २० टक्क्यांचं २० मिली, किमान ५ मिनिटांत सावकाश. लगेच दोन्ही कुल्ल्यांत खोल ५-५ ग्रॅम, हे मात्र ५० टक्केच, सोबत जागा बधिर करणारं २ टक्के लिग्नोकेन १ मिली. पुढे दर ४ तासांनी ५ ग्रॅम, कुल्ला बदलून. प्रसूती किंवा शेवटची आकडी, यांतलं जे नंतरचं, तिथून २४ तास. १५ मिनिटांनंतरही आकडी आली तर शिरेतून आणखी २ ग्रॅम. ‘५०’ आणि ‘२०’ ची अदलाबदल झाली की शिरेत दाट औषध जातं आणि श्वास मंदावतो.

प्रश्नकर्ती : मसुद्यात ‘गुडघ्याचा झटका तपासा’ असंही वाक्य आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञ : ते आधी काढा! तिथे झटका ‘असणं’ चांगलं लक्षण आहे आणि त्याच पानावर आकडीलाही ‘झटके’ म्हटलंय. ‘गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का’ असं सरळ लिहा. मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी घटली की रक्तात साठतं. आधी पाय उडणं थांबतं, मग श्वास. म्हणून पाय उडत नसेल, श्वास मिनिटाला १६ पेक्षा कमी असेल किंवा लघवी तासाला ३० मिलीपेक्षा कमी असेल, तर पुढचा डोस द्यायचा नाही. श्वास थांबू लागला तर मॅग्नेशियमवरचा उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली शिरेतून सावकाश. ती अँप्युल ट्रेमध्ये आधीच काढून ठेवलेली हवी.

परिचारिका : घरच्यांच्या पानावर डोस नको. तिथे एवढंच : डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा हुंगवत बसू नका, १०८ ला ‘गरोदर आहे, आकडी आली’ असं सांगा. बाळंतीण असेल तर ‘बाळंतीण आहे’ म्हणा.