माशांच्या काचेच्या टँकला पहिलं भोक पाडलं तेव्हा... तुमचेही अनुभव लिहा

काल रात्री अकराला लाईट गेली. पंखा थांबला आणि मागोमाग हॉलमधून ती ओळखीची सळसळ, टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोच्या (भोकातून जादा पाणी खाली सोडणाऱ्या कप्प्याच्या) दातांपर्यंत उतरलं, संपमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत, जाऊन थांबलं. सगळं शांत झालं आणि मला एकदम बाबा आठवले.

२०११ ची गोष्ट. ४ फुटी टँक, १० एमएमची काच. गच्चीवर जुन्या गोधडीवर आडवा घातलेला, मागची काच वर. ४५ एमएमचा डायमंड होल सॉ, म्हणजे कडेला हिऱ्याचे कण बसवलेला गोल ड्रिल बिट, आणलेला. पाणी साठायला भोकाभोवती पाळ करायची तर कुठे क्ले म्हणून नाही, मग आईकडून कणीक मागितली. प्लायच्या तुकड्याला तेवढंच भोक पाडून तो वर क्लॅम्प केला म्हणजे बिट घसरत नाही. बाबांनी बाटलीच्या झाकणाला टाचणीनं छिद्र पाडलं आणि उकिडवं बसून सतत धार धरली. मी जोर लावत होतो तर म्हणाले दाबू नकोस, नुसतं टेकव, हिरा आपलं काम करतो. दहाएक मिनिटं लागली. शेवटी आवाज बदलला तसं म्हणाले आता हात अजून हलका. खालून मास्किंग टेप चिकटवलेली होती, चकती त्यातच अडकली, कड कुठे उडाली नाही.

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. ती चकती आईनं देवघरात अत्तराच्या बाटलीखाली ठेवलीय. तुमचं पहिलं भोक कसं झालं, लिहा ना.

—

आमचा फुटला. तळाची काच टफन्ड (भट्टीत तापवून कडक केलेली) निघाली. बिट टेकून अर्धा मिनिट नाही झालं आणि सगळ्या काचेचा खडीसाखरेसारखा चुरा. गॉगल होता म्हणून डोळे वाचले. आता आधी बघते, काचेमागे लॅपटॉपची पांढरी स्क्रीन ठेवायची आणि पोलराइज्ड गॉगल लावून बघायचं, काळपट पट्टे-ठिपके दिसले की हात लावायचा नाही.

—

अरेरे ताई, लागलं नाही ना कुणाला?

—

नाही हो, पण मुलगी दोन दिवस रडत होती, मासे बादलीत.

—

आमचं कोल्हापुरात काचकामच आहे. टफन्डला भोक भट्टीत जायच्या आधीच पाडतात, नंतर नाही. साध्या काचेला कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी जागा सोडा, तडा जातो तो कडेकडेच जातो. आणि ड्रिलचा हॅमर मोड बंद आहे का ते दोनदा बघा, काल एकजण सुरू ठेवूनच आमच्याकडे काच घेऊन आला, आता नवीन काच कापतोय त्याला.

—

धागाकर्ते दादा, वाचून डोळे भरले. माझ्या वडिलांनी कधी टँकला हात लावला नाही पण रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसायचे.

—

भोकाचं काही वाटलं नाही मला, त्रास दिला आवाजानं. बाळ तीन महिन्यांचं आणि ड्युर्सो पाइप (पाणी खाली नेणारा, वर हवेचं छिद्र असलेला उभा पाइप) रात्रभर गुडगुड. वरचं हवेचं छिद्र लहान-मोठं करून पाहिलं, चार दिवस बरं, परत तेच. शेवटी दुसरं भोक पाडून हर्बी, म्हणजे दोन पाइपांची पद्धत, केलं. एका पाइपला खाली गेट व्हॉल्व्ह, पाणी एवढं आवळायचं की पाइपात हवा शिरतच नाही, आणि दुसरा थोडा उंच, कोरडा, पहिला तुंबला तर. बॉल व्हॉल्व्ह लावू नका, जरासा फिरवला की एकदम खूप बदलतं, बारीक सेटिंग होत नाही. त्या रात्री बाळ आणि मी दोघं सात तास झोपलो.

—

लाईट गेल्यावरचं लिहिते. संपमधून पाणी वर आणणाऱ्या रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीजवळ, हवा शिरून सायफन तोडायचं छिद्र ठेवलं होतं, त्यात गोगलगायीचं पिल्लू अडकलं. पहाटे लाईट गेली, पाणी उलटं संपमध्ये उतरत राहिलं. ४ फूट बाय दीड फुटाच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर! संप भरून वाहिला, खालच्या काकूंच्या छताला ओल. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, उलट फडकी घेऊन वर आल्या. आता संप निम्माच भरते, रिटर्नचं तोंड पाण्याच्या जेमतेम खाली, आणि दर रविवारी पंप मुद्दाम बंद करून पातळी कुठे थांबते ते बघते.

—

अशा काकू सगळ्यांना मिळोत. आमच्या खालचे मासे तळल्याच्या वासावरूनसुद्धा वर येतात 😄

—

टँक निपलचा (भोकात बसवायच्या आटेवाल्या जोडाचा) वॉशर टँकच्या आत की बाहेर? प्लंबर म्हणतो दोन्हीकडे आणि वर सिलिकॉन.

—

आत, फ्लँजच्या (निपलच्या रुंद कडेच्या) बाजूला, एकच. नट बाहेरून, हातानं घट्ट आणि वर पाव फेरा. सिलिकॉन नको, वॉशर घसरतो. आणि निपल आधी आणा, कॅलिपरनं मोजा, मग बिट घ्या. एक इंची निपल म्हणजे एक इंची भोक नव्हे.

—

यावरून आठवलं. न्यू जर्सीच्या भावानं हौसेनं गेट व्हॉल्व्ह पाठवला, इथल्या निपलला बसेचना. आट्यांची मापं वेगळी, एक इंची पाइपला तिकडे एनपीटी, इंचाला साडेअकरा आटे, आपल्याकडे बीएसपी, अकरा. दोन फेरे सरळ जातो म्हणून फसायला होतं. टेफलॉन टेप गुंडाळून जबरदस्ती करू नका, ठिबकतंच.

—

कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात रविवारी कोणी जातंय का? लहानपणी वडील तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे, काचेला नाक लावून उभी राहायचे मी.

—

मी जाते, संपचा स्पंज पण घ्यायचाय. तुमच्यासाठी काही आणू?

—

दादा, तुमचा धागा वाचून काल बिट घेऊन आलो. उद्या सकाळी पाडतोय, बायको धार धरायला तयार आहे. बॅटरीचं ड्रिल शेजाऱ्याकडून आणलंय, पाण्यात वायरचं नको म्हणून. कणीक किती भिजवू?

—

दोन मुठी पुरे. घट्ट मळा, पुऱ्यांसारखी, सैल झाली तर पाळ फुटते. आणि चकती टाकू नका.