इन्स्ट्रक्टर बदलू का? चांगला कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी, पायलट ट्रेनिंगचे १८ तास झालेत, सोलो (एकटीने उड्डाण) अजून नाही. सर मनाने चांगले आहेत पण लँडिंगला मी जरा चुकले की काही न बोलता कंट्रोल घेतात, मग विमान मी उतरवलं की त्यांनी तेच कळत नाही. मी स्लो आहे की शिकवण्यात काही कमी आहे?

प्रतिसाद १:
मी स्वतः शिकवतो म्हणून सांगतो, न बोलता घेणं चूकच. "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं, समोरच्याने "यू हॅव कंट्रोल" म्हणून हातपाय सोडायचे. नाहीतर जमिनीपासून २० फुटांवर एकतर दोघं उडवतायत नाहीतर कोणीच नाही.
बाकी कधी घ्यायचं हेच आमचं खरं काम. फ्लेअर (टेकायच्या आधी नाक हलकं उचलणं) थोडा उशिरा झाला, हलका बाउन्स आला तर तिला गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं) करू द्यायचा, त्याशिवाय हात बसत नाही. पण बेसवरून फायनलला, म्हणजे रनवेच्या रेषेत यायचं शेवटचं वळण घेताना ती रेषा ओलांडली गेली म्हणून कोणी रडर (नाक डावी-उजवीकडे फिरवणारं पायाचं कंट्रोल) जास्त दाबून, नाक वर ओढून वळण आवळायला लागलं तर तिथे वाट बघायची नाही, लगेच कंट्रोल घ्यायचा, स्टॉल होऊन (पंखांची उचल तुटून) विमान स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली गेलं तर त्या उंचीवर सावरायला जागाच नसते. ती चूक भरपूर उंचीवर नेऊन दाखवायची. आणि हे सगळं उडायच्या आधी ब्रीफिंगमध्ये बोललेलं हवं, कुठपर्यंत तू आणि कुठून मी.

प्रतिसाद २:
डीब्रीफ (उड्डाणानंतर काय चुकलं-जमलं याची चर्चा) होतं का तुझं? "आज ठीक होतं" याला डीब्रीफ म्हणत नाहीत. आणि सरांना उलट प्रश्न विचारता येतो का तेही बघ. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरीफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून ५८३ माणसं गेली, टेकऑफ सुरू केलेला कॅप्टन स्वतः कंपनीचा मोठा ट्रेनर होता, समोरचं विमान अजून रनवेवर आहे का ही त्याच्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरची शंका तिथल्या तिथे बाजूला पडली. शंका बोलायची सवय पहिल्या तासापासून लागते, ती लावणं इन्स्ट्रक्टरच्याच हातात.

धागाकर्ती:
डीब्रीफ पाचच मिनिटं, तेही चालता चालता. उद्या ब्रीफिंगमध्येच कंट्रोलचं बोलते. नाहीच जमलं तर एक फ्लाइट दुसऱ्या इन्स्ट्रक्टरसोबत मागितली तर सरांना वाईट वाटेल का?

प्रतिसाद १:
वाटलं तरी माग. सोलोला सोडायच्या आधी मीच माझ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्याकडे चेकसाठी पाठवतो, मला सवयीने न दिसलेलं त्याला दिसतं.