डॅशबोर्डवरचं घड्याळ काढून तिथे गेज बसवतोय: गरज की किडा?

घाटवाट:
गाडी २००८ ची डिझेल हॅचबॅक. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम सांगत नाही, नाहीतर धागा मायलेजवर घसरेल.

गेल्या मे महिन्यात साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी चढताना एसी चालू, आत पाच माणसं, डिकी गच्च. तापमानाचा काटा नेहमीसारखा मध्यावर. माथा दोन वळणांवर असताना तो उठला आणि मिनिटभरात लाल पट्टीत. बॉनेटखालून वाफ. हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलं, हेड सपाट करायला म्हणजे फेसिंगला द्यावं लागलं, आणि त्या दिवशीच्या लग्नाला आम्ही पंगत उठल्यावर पोचलो.

दुरुस्तीनंतर थर्मोस्टॅटच्या (कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेच्या) हाऊसिंगला एक थर्मिस्टर (तापमानाचा छोटा सेन्सर) चिकटवला, मल्टिमीटर आत घेतला आणि बायकोला शेजारी बसवून कात्रज घाट दोनदा केला. आकडा ८४ अंशांवरून १०१ वर गेला, पण डॅशबोर्डवरचा काटा जागचा हलला नाही! शोधल्यावर कळलं की पुष्कळ गाड्यांत हे मुद्दाम केलेलं असतं. मधल्या मोठ्या पट्ट्यात काटा धरून ठेवतात आणि हाताबाहेर जायला लागलं की सोडतात.

आता मुद्दा. डॅशबोर्डच्या मधोमध डिजिटल घड्याळ आहे, त्याचे अर्धे सेगमेंट मेलेत. ८ आहे की ६ हे अंदाजानं ओळखतो. मागचा कनेक्टर काढला तर चार वायरी आयत्या मिळाल्या: कायमचा १२ व्होल्ट, चावीवरचा १२ व्होल्ट, पार्किंग लाइटबरोबर येणारी आणि अर्थ. गेजला याहून जास्त काय लागतं? म्हणून तिथे सव्वा इंची गोल डिस्प्ले, मागे ईएसपी३२ (कोड चालवणारा छोटा बोर्ड), वेळेसाठी डीएस३२३१ (घड्याळाची चिप). बटण दाबलं की पानं बदलतील: वेळ, कूलंटचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, बाहेरचं तापमान, ऑइल प्रेशर, चढाचा कोन.

करावं का? (अर्धं झालंय, त्यामुळे ‘नको’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.)

नानापेठी:
नको.

दमानं सांगतो. तीस वर्षं स्पेअरच्या गल्लीत काढली. घड्याळ बिघडलं तर माणसाला उशीर होतो. घरी केलेल्या गेजची वायर घासली तर डॅशबोर्ड पेटतो. असे दोन मी डोळ्यांनी पाहिलेत, दोन्हींत फ्यूज नव्हता.

आणि ज्यासाठी हा खटाटोप चाललाय तेच त्यानं होईल याची खात्री नाही. तुमची गाडी तापली का? होज फुटला असेल, पाणी गेलं असेल. पाणी गेल्यावर सेन्सर कशात बुडालेला असतो? हवेत. कूलंट नसेल तर तो इंजिनाची खरी हालत सांगूच शकत नाही. स्क्रीनवर ८८ आणि आत हेड वाकलेलं, असं होतं. तापमानाच्या आधी पातळी कळायला हवी. कूलंटच्या बाटलीत फ्लोट स्विच (पातळी उतरली की लागणारा तरंगता स्विच) टाका, एक बझर लावा, झालं. त्याला ना डिस्प्ले लागतो, ना पानं.

फोनवाला:
गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे फोनवर पाठवणारा ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल घ्या, फोनमध्ये ॲप टाका, विषय संपला. चाक परत कशाला शोधताय?

घाटवाट:
@फोनवाला, आपल्याकडे ओबीडी-२ सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून. माझ्या गाडीत सॉकेट आहे, पण डोंगल लावला की दोन्हीकडून मौनव्रत. शिवाय एप्रिलच्या दुपारी काचेला लावलेला फोन स्वतःच ‘तापलोय’ म्हणून बंद पडतो. आणि गाडी बायको घेऊन गेली की फोन माझ्या खिशात.

@नानापेठी काका, होजच फुटला होता. बाटलीच्या फ्लोटचं मान्य, तो घेतोच.

तिरकी_सुई:
मी काही वर्षं क्लस्टरच्याच (डॅशबोर्डवरच्या काट्या-दिव्यांच्या) कामात होते, म्हणून त्या बिचाऱ्या काट्याची बाजू मांडते.

इंजिनाचं तापमान कधीच स्थिर नसतं. थर्मोस्टॅट उघडतो, मिटतो. फॅन लागतो, बंद होतो. चांदणी चौकात दहा मिनिटं उभं राहिलात की वर, हायवेला लागलात की खाली. शंभरी ओलांडली तरी लगेच घाबरायचं कारण नसतं, कारण कूलिंग सिस्टीम कुकरसारखी दाबाखाली असते. झाकण धड असेल तर उत्कलनबिंदू १२० च्या आसपास जातो. हे सगळं काट्यावर खरं खरं दाखवलं तर माणूस रोज सर्व्हिस सेंटरच्या दारात. म्हणून मधला पट्टा सपाट करतात.

घाटवाट, तुमची तक्रार पट्टा फार रुंद ठेवल्याची आहे, आणि तिथे मी तुमच्या बाजूची आहे. पण तुमचा उपाय मला जास्त धोक्याचा वाटतो. सहा पानं! त्या दिवशी खंबाटकीत तुम्ही कुठल्या पानावर असता? मला विचाराल तर चढाच्या कोनावर. मुलांना दाखवत असता की बघा, किती चढतोय.

आकडा वाचावा लागतो. काट्याकडे डोळ्याच्या कडेनं पाहिलं तरी भागतं, आणि घाटात तेवढंच परवडतं.

नानापेठी:
म्हणजे काटा खोटा केला तो तुम्ही लोकांनीच. इतकी वर्षं गिऱ्हाईक आमच्या डोक्यावर बसायचं, ‘काटा तर मध्येच होता’.

तिरकी_सुई:
खोटा नाही काका, शांत केला.

नानापेठी:
शांत म्हणे. हेड गॅस्केटचा खर्च कुणी शांत केला नाही ते.

कलम_बावन्न:
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा आधी. गाडीत फेरफार करता येत नाहीत. उद्या विम्याचा क्लेम अडला की हाच धागा वकिलाला दाखवत बसाल.

सोल्डरधूर:
कलम ५२ नोंदणीतला तपशील आणि कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन बदलण्याबद्दल आहे. आरसी बुकात घड्याळ कुठे लिहिलंय ते दाखवा, मी पैज हरतो. विम्याचा मुद्दा मात्र टाकाऊ नाही. वायरिंग कापून जोड मारलेत आणि आग लागली तर सर्व्हेयर बोट तिथेच ठेवणार. म्हणून मूळ हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) कात्री लावायची नाही. जुन्या घड्याळाच्या पीसीबीवरचा (सर्किट बोर्डावरचा) कनेक्टर सोडवून तोच नव्या बोर्डावर बसवायचा. उद्या गाडी विकायची झाली तर घड्याळ परत जागेवर.

आता माझं म्हणणं. करा. पण अर्धं झालंय म्हणता, तर ते अर्धं काय केलंय ते मला न बघताच कळतंय: ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायचा बोर्ड), ७८०५ (५ व्होल्ट काढणारी साधी चिप), आणि पीएलएची (थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकची) पांढरी डबी. तिन्ही बाद.

गाडीतले १२ व्होल्ट हे १२ नसतात. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. त्यातून ७८०५ नं ५ काढायचे तर दीडशे मिलिअँपिअरलाही सव्वा वॉटच्या वर नुसती उष्णता, तीही उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या आत. बक कन्व्हर्टर (फारसा न तापता व्होल्टेज उतरवणारा) वापरा. आणि चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल सैल झालं तर अल्टरनेटर क्षणभर ४० च्या वरही फेकतो. एलएम२५९६ या नेहमीच्या बक चिपची मर्यादा तिथेच संपते. पुढे टीव्हीएस डायोड (असे झटके गिळणारा) आणि १ अँपिअरचा फ्यूज हवाच. नानापेठीकाका फ्यूजबद्दल बोलले ते सोन्यानं लिहून ठेवा.

कायमच्या वायरीला बोर्ड जोडूच नका. दीडशे मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ३.६ अँपिअर-तास. ३५ ची बॅटरी आठवड्यात सेल्फ मारायची बंद होईल. बोर्ड चावीच्या वायरीवर चालवा. वेळ डीएस३२३१ स्वतःच्या सेलवर धरून ठेवतो, वर्षाला फार तर मिनिटभर इकडेतिकडे. फक्त पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) मिळणाऱ्या त्याच्या निळ्या मॉड्यूलवर बहुतेक वेळा चार्जिंगचा रेझिस्टर असतो. त्यात साधा सीआर२०३२ बटण सेल टाकलात तर न चार्ज होणाऱ्या सेलला चार्ज करत बसेल, फुगेल. तो रेझिस्टर आधी उपटा.

डबी: पीएलए साठच्या आसपास मऊ पडतं. बंद गाडी एप्रिलमध्ये उन्हात ठेवा, संध्याकाळी गेजनं मान टाकलेली असेल. जास्त उष्णता सोसणाऱ्या एबीएस प्लास्टिकमध्ये छापून घ्या.

ईएसपी३२ चा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) सरळ रेषेत चालत नाही. थर्मिस्टरसाठी एडीएस१११५ ही वेगळी एडीसी चिप लावा, नाहीतर काकांचं ‘८८’ तुमच्या स्क्रीनवर कूलंट भरलेलं असतानाही दिसेल.

घाटवाट:
ब्रेडबोर्ड नाही, झिरो पीसीबी (सोल्डर करायचा भोकाभोकांचा बोर्ड) आहे. बाकी दोन्ही ओळखलंत. डबी पांढरी नाही, काळी आहे, पण पीएलएच.

@तिरकी_सुई ताई, चढाच्या कोनाचं वाचून बायको हसली. त्या दिवशी मोबाइलवर तेच चालू होतं म्हणाली.

मग असं केलं तर? पानं बंद. गाडी सुरळीत असेल तर नुसती वेळ, आणि कडेला तापमानाची एक कमान, बिनआकड्याची. बाटलीतला फ्लोट पडला, व्होल्टेज चालू इंजिनावर १३ च्या खाली गेला किंवा तापमान १०४ च्या वर गेलं, की वेळ जाईल, तेवढी एकच गोष्ट पूर्ण स्क्रीनभर येईल आणि बझर वाजेल.

तिरकी_सुई:
आता हे गेज झालं. १०४ ची वाट मात्र बघू नका. चढण्याचा वेगही बघा. ९० वरून ९८ वर जायला पाच मिनिटं लागली तर घाट आहे, अर्ध्या मिनिटात गेलं तर पाणी गेलंय. आणि रात्री उजेड कमी करायला ती पार्किंग लाइटची वायर वापरा. काळोखात ताम्हिणीत एवढा पांढरा गोल डोळ्यात घुसला तर समोरची म्हैस दिसणार नाही.

नानापेठी:
मी अजून नकोच म्हणतोय. फ्लोट आणि बझर सोडून बाकी सगळी हौस आहे. हौसेला मोल नसतं हे खरं, पण मग गरज म्हणू नका. आणि ऑइल प्रेशरचं काय केलंत? तो लाल दिवा पेटतो तोवर प्रेशर अर्ध्या बारच्याही खाली गेलेलं असतं. एक सेन्सर लावायचाच असेल तर तिथे लावा, तापमानाच्या आधी.

घाटवाट:
ऑइलच्या सेन्सरसाठी टी-जॉइंट (फाटा काढणारा तुकडा) लावायचा म्हणजे आणखी एक गळती व्हायची जागा, म्हणून तूर्त सोडलंय. तुमच्याकडे चांगला पितळी मिळाला तर रविवारी येतो बघायला.

एकच राहिलं. जुनं घड्याळ बाबांनी पहिल्या दिवसापासून सात मिनिटं पुढे ठेवलेलं. सगळं घर त्यावरच निघतं आणि वेळेत पोचतं. आता डीएस३२३१ सेकंदाला पक्का. कोडमध्ये सात मिनिटं मिळवू का?

नानापेठी:
मिळवा. आणि तापमानातही पाच अंश मिळवा, म्हणजे वेळेत थांबाल.

तिरकी_सुई:
आणि खोटे म्हणे क्लस्टरवाले.