ब्रूस पेनिन्सुला: आईबाबांना एका दिवसात ग्रोटो दाखवता येईल का?

मिसिसागाची_मीनू:
नमस्कार मंडळी. आईबाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेत. नायगरा झाला, सीएन टॉवर झाला. आता बाबा रोज विचारतात, "तुमच्याकडे डोंगर नाहीच का गं?" वय ६८, अजून अजिंक्यतारा चढतात. आईचा उजवा गुडघा मात्र कुरकुरतो. जुलैत ब्रूस पेनिन्सुलाच्या टोकाला, टोबरमोरी गावापर्यंत जाऊन, ग्रोटोची गुहा बघून त्याच दिवशी परत येणं जमेल?

पंक्या:
जमेल की. जाऊन-येऊन आठ तास गाडीत. थर्मास मोठा घ्या.

खडूस_काकू:
मीनू, आधी पार्किंग बुक कर, मग बाकीचं. ग्रोटोचं पार्किंग उन्हाळ्यात आधीच ऑनलाइन घ्यावं लागतं आणि मिळतं ४ तासांचंच. पहिल्या वेळी आमचे हे "बघू तिथे जाऊन" म्हणाले आणि गेटवरून परत फिरलो. पुलावाचा डबा टोबरमोरीच्या धक्क्यावर, मॅनिटुलिन बेटाकडे निघालेली फेरीबोट बघत संपवला. अजून टोमणे मारते मी.

दुसऱ्या वेळी सासूबाईंना नेलं. सायप्रस लेकच्या पार्किंगवरून जॉर्जियन बे ट्रेल धरायची. रुंद वाट, फार चढ नाही. सासूबाई दोनदा बसल्या तरी पाऊण तासात पोचल्या. शेवटी दगड सुरू होतात, तिथे हात धर. इंडियन हेड कोव्ह या छोट्या खाडीपाशी आईंना सपाट खडकावर बसव. पाणी इतकं निळंहिरवं की फोटो खोटा वाटतो. आणि गार! आमचे हे उडी मारायला निघाले होते, घोट्यापर्यंत जाऊन परत आले.

ग्रोटो म्हणजे कड्याखालची गुहा. उतरायला हातपाय दोन्ही लागतात. आईंनी वरूनच बघावी. बाबांना हौस असेल तर मार लेकच्या वाटेने पाठव, गोट्यांच्या किनाऱ्यावरून कड्याकडे येता येतं. पण अजिंक्यताऱ्याच्या भरवशावर चपला नकोत म्हणावं. हा डोलोमाइट खडक आहे, भेगाच भेगा, पाय अडकतो. मॅसासॉगा रॅटलस्नेकही आहे त्या भागात, विषारी. आपण वाट सोडली नाही तर तो आपल्या वाट्याला जात नाही.

वेळ संपली की लगेच घरी पळू नका. पलीकडे, ह्युरॉन सरोवराच्या बाजूला, सिंगिंग सँड्स आहे. वाळू, उथळ पाणी, दलदलीवरून फळ्यांची पायवाट. आईंच्या गुडघ्याची जागा खरं तर हीच. आणि तिथे ड्रॉसेरा उगवतो, किडे खाणारा. कासच्या पठारावरच्या दवबिंदूचा भाऊबंद. साताऱ्याच्या माणसाला सांगायला नकोच.

मिसिसागाची_मीनू:
काकू, बुधवारचं पार्किंग मिळालं! दवबिंदूचं सांगितल्यावर बाबा म्हणाले, "कास सोडून इथे कशाला बघायचा?" आणि मग चष्मा शोधायला लागले. आई विचारतेय, वाटेत बाथरूम आहे का?

खडूस_काकू:
पार्किंगजवळ आहे, तिथूनच उरकून निघा. आणि आईंना पूर्ण बाह्यांचा कुडता घालायला सांग, डास सोडत नाहीत.