जुन्या, दुर्लक्षित पाइन बोन्सायना हिवाळ्यातून कसे वाचवावे?

पारंबी (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या आजोबांनी मुलाकडे राहायला जाताना त्यांची तीन जुनी पाइन बोन्साय आमच्या स्वाधीन केली आहेत. त्यांच्या आजारपणामुळे गेली काही वर्षे या झाडांकडे कोणालाच पाहता आले नव्हते. दोन झाडांच्या सुया जोडीजोडीने येतात, साल काळपट व भेगाळलेली आहे आणि शेंड्यांवरचे कोंब पांढरट आहेत. तिसऱ्याच्या सुया पाच-पाचच्या झुबक्यांत असून बुंध्याशी एका आडव्या रेषेवर साल एकदम बदललेली दिसते. माती इतकी घट्ट झाली आहे की पाणी घातले तर ते शेवाळावरून कुंडीच्या कडेला वाहून जाते. आतल्या बाजूच्या सुया पिवळ्या पडून गळत आहेत आणि एका फांदीत तार रुतली आहे. नोव्हेंबर लागला आहे. झाडे घरात खिडकीशी आणावीत का, आणि थंडीचा कडाका सुरू होण्याआधी माती बदलून छाटणी उरकून घ्यावी का? आजोबांनी ही झाडे आयुष्यभर जपली आहेत, त्यामुळे ती आपल्याकडे येऊन मरू नयेत असे फार वाटते.

हिमसावली (टोरोंटो)

आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते आत्ताच कळले हे बरे झाले.

वर्णनावरून पहिली दोन झाडे जपानी ब्लॅक पाइन असावीत आणि तिसरे व्हाइट पाइन. ती आडवी रेषा कलमाची आहे, कारण व्हाइट पाइन बहुधा ब्लॅक पाइनच्या मुळावर बांधतात. हे लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण व्हाइट पाइन मुळात डोंगरातले, थंडीला काटक झाड असले तरी कुंडीत आहेत ती मुळे ब्लॅक पाइनची, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या झाडाची. तिन्ही झाडांना एकाच पद्धतीने जपावे.

या झाडांना हिवाळ्याची विश्रांती लागतेच. घरातली ऊब, कोरडी हवा आणि खिडकीतला अपुरा उजेड यांत ती आधीच अशक्त असताना आणखी खचतात. थंडीत खरा धोका फांद्यांना नसून मुळांना असतो. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना खालच्या मातीची ऊब मिळते, तर उथळ कुंडीतला मुळामातीचा गड्डा चहूबाजूंनी गोठतो. शिवाय गड्डा गोठलेला असताना ऊन आणि वारा सुयांमधून पाणी ओढत राहतात, मुळांना मात्र ते वर पाठवता येत नाही, आणि झाड बर्फाच्या मधोमध तहानेने वाळते. म्हणून कुंड्या कट्ट्यावरून उतरवून थेट जमिनीवर, घराच्या उत्तर किंवा पूर्व भिंतीच्या आडोशाला ठेवाव्यात आणि कुंडीच्या काठाच्या वरपर्यंत वाळलेली पाने किंवा सालीचा भुगा भरावा. वर बर्फ साचला तर तो कुंडीवरून काढू नये, त्याने उबच राहते. फांद्या वाकत असतील तेवढा हलकेच झटकावा. पारा उणे 8-10 अंश सेल्सिअसच्या खाली जाणार असेल तेव्हा झाडे न तापवलेल्या गॅरेजमध्ये न्यावीत. तिथे तापमान शून्याच्या आसपास असेल तोवर अंधाराने बिघडत नाही.

माती वसंतातच बदलावी, कोंब फुगू लागतील तेव्हा, आणि तीही एका वेळी निम्म्या गड्ड्याचीच. आत्ता मुळे तोडली तर जखमा भरून येण्याआधीच ती गोठतील. माती उकरताना पांढरे बुरशीचे जाळे दिसले तर घाबरून धुऊ नका. पाइनच्या मुळांना पाणी आणि अन्न मिळवून देणारी ती सोबतीण आहे.

उंबरठा (पुणे)

हिमसावली यांच्या म्हणण्यात पाण्याविषयी भर घालतो. आपल्याकडे वड, पिंपळ, उंबराची बोन्साय असतात आणि त्यांना थंडीची विश्रांती लागत नाही, त्यामुळे इथली सवय तिथे उपयोगाची नाही. मात्र घट्ट मातीचा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे. गोठण नसलेल्या दिवशी सकाळी कुंडी टबात अशी ठेवा की पाणी मातीच्या वर दोन बोटे येईल, आणि बुडबुडे थांबेपर्यंत तशीच राहू द्या. त्याआधी जेवणाच्या चॉपस्टिकने मातीत हलक्या हाताने उभी छिद्रे पाडावीत आणि तळाची भोके मुळांनी बुजली नाहीत ना, हे पाहावे. नंतर पाणी पूर्ण निथळू द्यावे, कारण साचलेले पाणी गोठले तर चिनी मातीची कुंडी तडकते.

आतल्या जुन्या सुया शरद ऋतूत पिवळ्या होऊन गळणे नेहमीचेच आहे. याच वर्षीच्या, शेंड्याकडच्या सुयांवर तपकिरी पट्टे किंवा ठिपके असतील तर बुरशीची शंका घ्यावी आणि पडलेल्या सुया कुंडीतून वेचून टाकाव्यात.

पारंबी (एडिसन, न्यू जर्सी)

आपले मनापासून आभार. शेंड्याकडच्या सुया स्वच्छ हिरव्या आहेत, म्हणजे झाडे धोक्याबाहेर आहेत असे समजावे का? आणि रुतलेल्या तारेचे काय करावे?

हिमसावली (टोरोंटो)

नुसत्या हिरव्या रंगावर विसंबू नका. मुळे मेल्यावरही पाइनच्या सुया कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने हिरव्या राहतात. कोंब दाबून पाहा: ते टणक आणि भरलेले असतील तर आशा आहे, चुरगळले तर ती फांदी गेली. तार उलगडू नका, कटरने वेढ्यावेढ्याला तुकडे करून मोकळी होईल तेवढी काढा आणि सालीत पूर्ण बुडालेली तशीच राहू द्या. फांद्या गोठलेल्या असताना त्यांना हात लावू नये, त्या काडकन मोडतात.

गॅरेजमध्ये असतानाही दर आठवड्याला मातीत बोट घालून पाहावे, कारण तिथे झाडे थंडीपेक्षा विसराळूपणाने अधिक जातात. मार्चमध्ये ऊब वाढू लागली की लगेच बाहेर काढावीत, नाहीतर अंधारातच कोंब लांबतात. कोंब वाढू लागल्यानंतर मात्र रात्रीचे दव गोठण्याची सूचना आली तर तेवढ्या रात्रीपुरती आत घ्यावीत. पुढचे पूर्ण वर्ष मोठी छाटणी आणि कोंबतोड (वाढते कोंब खुडणे) टाळून फक्त ऊन, पाणी आणि खत द्यावे.