छोट्या पाँटून बोटीवर फिश फाइंडरचा ट्रान्सड्यूसर कुठे आणि कसा बसवावा?

नमस्कार,

मी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात राहतो आणि कॅमलूप्सच्या आसपास टंकवा, रोश अशा तलावांवर रेनबो ट्राउट माशांसाठी फ्लाय फिशिंग (कीटकासारखे दिसणारे कृत्रिम आमिष, म्हणजे ‘फ्लाय’, वापरून मासेमारी) करतो. माझी बोट एका माणसापुरती आहे: हवा भरलेली दोन पाँटून (लांबट तरंगती नळकांडी), त्यांना जोडणारा लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि मधोमध खुर्ची. मोटर नाही. लांबचे अंतर वल्ह्यांनी कापतो आणि गळ पाण्यात असताना पायांतल्या फिन्सनी (पोहताना घालतात त्या रबरी पंखांनी) बोट सांभाळतो. या बोटीवर तारेचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारा भाग) असलेला एक छोटा पोर्टेबल फिश फाइंडर, म्हणजे खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारे यंत्र, बसवायचा आहे. पडद्यासाठी सांगाड्यावर क्लॅम्प लावता येईल. अडचण आहे ती ट्रान्सड्यूसरची. हवेच्या बोटीवर, फ्लोट ट्यूबवर (बसून तरंगायच्या हवेच्या कड्यावर) किंवा कयाकवर ज्यांनी हे काम केले असेल, त्यांचा सल्ला हवा आहे.

मला मासे दिसण्यापेक्षा खोली अचूक कळणे महत्त्वाचे आहे. इथल्या तलावांत ट्राउटचे एक मुख्य खाद्य म्हणजे कायरोनोमिड, अर्थात न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या आणि कोष. मासे ते बहुतेकदा तळालगतच टिपतात, त्यामुळे फ्लाय तळापासून साधारण 30 सेंटिमीटर वर लटकत राहील अशा बेताने दोरीवर इंडिकेटर (पाण्यावर तरंगणारी छोटी खूण) अडकवावा लागतो. सध्या मी फ्लायला चिमटा लावून तो तळापर्यंत सोडतो, दोरी सैल पडली की पाण्याच्या पातळीशी ती बोटांत धरतो आणि त्या जागेच्या थोडे खाली इंडिकेटर बसवतो. एका जागेपुरती ही पद्धत उत्तम आहे. पण वाऱ्याने बोट थोडी सरकली की तळ खालीवर होतो आणि उथळ पट्टा जिथे एकदम खोल होतो ती कड, जिथे मासे हमखास फिरतात, अशा मोजणीने शोधता येत नाही.

पोर्टेबल संचाबरोबर येणारा रबरी सक्शन कप पाँटूनच्या गोल आणि किंचित खरबरीत कापडावर टिकत नाही. फायबरग्लासच्या भरीव तळातून ध्वनिलहरी आरपार जाऊ शकतात, म्हणून त्या बोटींवर ट्रान्सड्यूसर आतून चिकटवता येतो. पाँटूनमध्ये मात्र हवा असल्याने लहरी तिथूनच परत फिरतील. म्हणजे ट्रान्सड्यूसर थेट पाण्यातच हवा. माझ्या मनात सांगाड्याच्या मागच्या नळीला यू-बोल्टने एक उभी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावावी आणि तिच्या खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर बसवावा असे आहे. परंतु मागे नांगराची दोरी असते, बाजूला वल्ही फिरतात, पुढे फिन्समुळे बुडबुडे उठतात आणि त्या बुडबुड्यांनी पडद्यावर नुसता गोंधळ उमटेल. शिवाय फ्लायची सैल दोरी बाहेर आलेल्या प्रत्येक टोकात अडकते, हे फ्लाय फिशिंग करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रश्न ट्रान्सड्यूसर सरळ खाली रोखलेला राहण्याचा आहे. त्याच्या ध्वनिलहरी शंकूसारख्या पसरतात; 20 अंशांचा शंकू 10 मीटर खोलीवर सुमारे साडेतीन मीटर व्यासाचा भाग पाहतो. त्यातच ट्रान्सड्यूसर 10 अंशांनी कलला, तर शंकूचा मध्य जवळजवळ पावणेदोन मीटर बाजूला सरकतो, आणि उतारावर एवढ्या फरकाने खोली चांगलीच बदलते. मी खुर्चीत मागे रेललो की बोटीचा पुढचा भाग वर उचलला जातो, म्हणजे पट्टी घट्ट बसवली तरी कोन कायम राहीलच असे नाही. गवंड्याच्या ओळंब्यासारखा ट्रान्सड्यूसर तारेवर मोकळा सोडला तर तो संथ पाण्यात सरळ राहील, पण वल्हवताना मागे ओढला जाईल आणि पाणवनस्पतींत गुंतेल. कोणी बिजागरीची पट्टी वापरली आहे का, जी काठाशी येताना हाताने वर उचलता येते आणि खाली सोडल्यावर पुन्हा त्याच कोनात अडकते? मला तोच मार्ग बरा वाटतो, पण वल्हवताना पाण्याच्या दाबाने ती हलते का, हे वापरणाराच सांगू शकेल.

सांगाड्याला भोक पाडण्याची माझी तयारी नाही, कारण तिथला रंगाचा थर फुटला की आतून गंज धरतो. क्लॅम्पखाली रबराची पट्टी घालणार आहे. पट्टीचे खालचे टोक, बोट गाडीवर चढवताना, पाँटूनला घासू नये म्हणून ती चटकन काढताही यायला हवी.

बॅटरीबाबत माझे जवळपास ठरले आहे. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी दोन किलोंहून जड भरते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेटची एक किलोच्या आसपास असते. ती जलरोधक डब्यात घालून, धन तारेवर फ्यूज लावून, खुर्चीमागे बांधणार आहे. फोनशी जोडला जाणारा बिनतारी सोनार हा पर्याय सुचवला जाईल याची कल्पना आहे, पण उन्हात फोनचा पडदा नीट दिसत नाही आणि पाण्यात आणखी एक तरंगती वस्तू मला नको आहे.

तेव्हा मला मुख्यतः एवढेच विचारायचे आहे की, तुमच्या बोटीवर ट्रान्सड्यूसर नेमका कोणत्या बाजूला आहे, तो पाँटूनच्या तळाच्या किती खाली ठेवला आहे आणि फिन्स चालू असताना खोलीचा आकडा स्थिर राहतो का? जोडणीचा जवळून काढलेला फोटो टाकलात तर पट्टीची मापे मला त्यावरून ठरवता येतील.