शब्दचर्चा : 'सबस्क्रायबर', 'चर्न' आणि आपला खाडा

प्रश्न (राजारामपुरी)
बी.कॉम.च्या मुलांसाठी क्रिकेटच्या जोरावर चालणाऱ्या स्ट्रीमिंग सेवांच्या धंद्यावर मराठीत टिपण करतोय. दोन शब्दांवर अडलोय. 'सबस्क्रायबर'ला वर्गणीदार म्हणावं का? आणि 'चर्न'ला, म्हणजे पैसे भरणारे सेवा सोडून जातात त्याला, गळती लिहिलं तर चालेल का? परिभाषा कोशातले जड शब्द नकोत, ते वाचून मुलं "म्हणजे काय सर?" असंच विचारतात.

उत्तर (गंगावेश)
सर, वर्गणीदार चुकीचा नाही. मासिकांचे वर्गणीदार असतातच. पण कोल्हापुरात वर्गणी म्हटलं की आधी तालीम मंडळाची पावती आठवते, आणि त्या वर्गणीच्या बदल्यात कुणी काही मोजून मागत नाही. इथं व्यवहार रोख आहे. मला 'रतीब' जास्त जवळचा वाटतो. रतीब लावला, रतीब चालू आहे, रतीब बंद केला, ही तिन्ही वाक्यं इथं जशीच्या तशी बसतात.

गळतीला मात्र माझा ठाम विरोध. शाळेतनं गळालेलं पोर बहुतेक वेळा परत येत नाही. आयपीएलसाठी पैसे भरणारा जूनमध्ये जातो आणि पुढच्या मार्चला परत हजर होतो. दुधाच्या हिशेबात याला खाडा म्हणतात. ज्या दिवशी दूध घेतलं नाही, त्या दिवशी कॅलेंडरच्या चौकटीत फुली मारायची आणि महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा करायचे. गिऱ्हाईक तुटलेलं नसतं, पण म्हशीला वैरण त्याही दिवशी लागलेलीच असते. क्रीडा हक्कांचं तसंच आहे. प्रेक्षक दहा महिने खाडा करो, कराराची रक्कम कमी होत नाही.

ती रक्कम किती, हे मुलांना जरूर दाखवा. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलचे हक्क जून २०२२ च्या लिलावात एकूण ४८,३९० कोटींना गेले. त्याआधीच्या पाच वर्षांसाठी स्टारनं टीव्ही आणि डिजिटल मिळून १६,३४७.५० कोटी मोजले होते. नव्या लिलावात भारतातले डिजिटल हक्क वायाकॉम१८ नं २०,५०० कोटींना घेतले, म्हणजे हंगामाला सरासरी ४,१०० कोटी, आणि ४१० सामने धरले तर सामन्याला ५० कोटी. आता वायाकॉम१८ चं जिओसिनेमा आणि स्टारचं हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हाची सगळ्यात स्वस्त योजना बघा. मोबाइलवर, जाहिरातींसह, तीन महिन्यांना १४९ रुपये. नुसत्या या पैशातनं एका हंगामाचे हक्क वसूल करायचे तर सत्तावीस कोटींवर माणसं लागतील. म्हणून जाहिरातीशिवाय हा धंदा उभाच राहत नाही.

त्याच योजनेचा वार्षिक दर ४९९ होता. आयपीएल दोन महिन्यांत संपतं. ज्याला फक्त तेवढंच बघायचं, तो १४९ भरून मोकळा होणार. दरपत्रकच त्याला खाडा करायला सांगतंय. खरा प्रश्न तो उरलेल्या महिन्यांत का थांबेल हा आहे, आणि त्याचं उत्तर क्रिकेटमध्ये नाही. ते मालिका, सिनेमे, मुलांचे कार्यक्रम यांत आहे. टिपणात हा मुद्दा ठळक करा.

उत्तर (शिवाजी पेठ)
खाडा पटला. पण गळतीही पूर्ण काढून टाकू नका, तिचंही उदाहरण आहे. २०२२ नंतर आयपीएलचे डिजिटल हक्क डिस्ने+ हॉटस्टारकडून गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्याकडं ६ कोटी १३ लाख पैसे भरणारे होते, सप्टेंबर २०२३ अखेरीला चार कोटींच्याही खाली आले. मध्ये एचबीओचे कार्यक्रमही गेले होते, त्यामुळं सगळा दोष क्रिकेटवर टाकता येणार नाही. पण ही गळतीच. खेळच दुसऱ्या घरी गेल्यावर माणूस कशासाठी परत येईल?

दुसरं म्हणजे 'पास' या शब्दासाठी अडू नका. फॅनकोडसारख्या खेळ दाखवणाऱ्या ॲपवर एकेका सामन्याचे, एकेका दौऱ्याचे पैसे भरता येतात. त्याला सरळ तिकीट म्हणा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार हा फुटबॉलचा सामना बघायला तिकीट काढून बसलेल्या माणसाला आपण कधी सदस्य म्हटलंय का?

उत्तर (कागल)
'राइट्स'ला सगळे हक्क लिहितात, मीही लिहितो. पण हक्क म्हटलं की मुलांना मालकी वाटते, आणि हिशेब तिथंच चुकतो. हा मक्ता आहे. ठरावीक मुदतीसाठी ठोक रक्कम द्यायची, वसुली आपली आपण करायची, मुदत संपली की जागा खाली करायची. स्वतः काढलेली मालिका दहा वर्षांनीही दाखवता येते. कालचा सामना मात्र आज कुणी पैसे भरून बघत नाही, आणि करार संपला की पुढचा सामनाही आपला राहत नाही. 'प्रसारण हक्क' हा रूढ शब्द ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथं 'म्हणजे मुदतीचा मक्ता' एवढं जोडा.

प्रश्नकर्ता (राजारामपुरी)
रतीब, खाडा, तिकीट, मक्ता, चारही घेतले. आता एक राहिलं. मोबाइलच्या रिचार्जबरोबर सेवा आपोआप मिळते, त्या माणसाला काय म्हणायचं? त्यानं तर रतीब लावलेलाच नाही.

उत्तर (गंगावेश)
त्याला फक्त प्रेक्षक म्हणा सर, आणि त्याचा आकडा वेगळ्या रकान्यात ठेवा. फुकट बघणाऱ्यांचंही तसंच. १९ नोव्हेंबर २०२३ ची विश्वचषकाची फायनल हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख जणांनी बघितली. पण ती मोबाइलवर मोफत होती. जिओसिनेमानंही २०२३ चं आयपीएल फुकट दाखवलं. अशी गर्दी जाहिरातदाराला दाखवायला कामाची, पण ती रतीबात मिळवली तर मुलांचा सगळा ताळेबंद चुकेल. जाहिरातदारही एकसारखे राहत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर कायद्यानं बंदी आली आणि क्रिकेटवर सढळ हातानं खर्च करणारा एक मोठा गट एका झटक्यात बाजूला झाला.

उत्तर (कागल)
आणि 'बोली' हा शब्द टिपणात कुठं ना कुठं घ्याच. २०२२ मध्ये टीव्हीचे हक्क स्टारला गेले आणि डिजिटल वायाकॉम१८ ला. चढाओढ होती म्हणून भाव तिप्पट झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये हे दोन्ही धंदे जिओस्टार नावाच्या एकाच कंपनीत आले. २०२७ नंतरच्या मक्त्यासाठी समोर तेवढ्या ताकदीचा दुसरा कोणी उभा राहिला नाही, तर क्रिकेट मंडळाला तो भाव पुन्हा मिळणं अवघड आहे. सेवेच्या दृष्टीनं मात्र तीच सगळ्यात मोठी बचत ठरेल, कारण खाडा कमी करण्यापेक्षा मक्ता स्वस्तात मिळणं तिला जास्त पैसे वाचवून देईल. मुलांना हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला लावा, एकदा मंडळाच्या खुर्चीत बसून आणि एकदा कंपनीच्या.